काचेवरचा कागद

१

चौदा जुलैला सकाळी सव्वानऊ वाजता लिडिया स्पॅटारोची पांढरी व्हॅन बर्डेकिन नदीच्या पुलावर, अगदी मध्यावर बंद पडली. पूल अरुंद, गाडी बाजूला घ्यायला वीतभर जागा नाही. लिडिया खाली उतरली आणि मागून येणाऱ्यांना थांबवायला हात हलवत धावली. दहा पावलं गेली असेल नसेल, तेवढ्यात एका ट्रकने व्हॅनला मागून धडक दिली. व्हॅनमध्ये तिचे वडील होते. सॅंतो स्पॅटारो, वय एक्क्याऐंशी. डोळ्यांच्या डॉक्टरकडे टाउन्सव्हिलला निघाले होते. ते जागीच गेले.

इंजिन उघडल्यावर कारण लगेच सापडलं. इंजिनातला टायमिंग बेल्ट तुटला होता; हा पट्टा तुटला की चालती गाडी जागीच बंद पडते. पाच आठवड्यांपूर्वी लिडियाने ही व्हॅन होम हिलच्या हॅलोरन मोटर्समधून जुनी म्हणून घेतली होती. "बेल्ट खराब आहे असं मला कुणी सांगितलं नाही," असं तिने पोलिसांना सांगितलं. आठवड्याभराने पोलीस विचारायला गेले तेव्हा मालक रेग हॅलोरनने शांतपणे फाईलमधून एक कागद काढून पोलिसांपुढे ठेवला.

त्या कागदाला आमच्या खात्यात दोषपत्रक म्हणतात. जुन्या गाडीवर विकणाऱ्याला हमी द्यावी लागते. पण गाडीत अमुक दोष आहे असं या कागदावर लिहिलं, गाडी विक्रीला उभी आहे तोवर तो काचेवर लावला आणि गिऱ्हाइकाची त्यावर सही घेतली, की त्या दोषाची हमी त्याच्यावर राहत नाही. हॅलोरनच्या कागदावर टाइप केलं होतं: 'टायमिंग बेल्ट झिजलेला आहे. बदलल्याशिवाय गाडी लांब पल्ल्याला नेऊ नये.' खाली नऊ जून ही तारीख आणि लिडियाची सही. सही खरी होती. ती स्वतःही तेच म्हणत होती.

म्हणजे एक तर हॅलोरन खोटारडा होता, नाहीतर लिडियाने सगळं माहीत असताना म्हाताऱ्या बापाला त्या गाडीत बसवलं होतं.

मी पर्ल लीफू. जुन्या गाड्यांच्या धंद्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यात निरीक्षक आहे. पोलिसांनी माझ्या अहवालासाठी शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. कागद खरा निघाला तर लिडियावर खटला भरायचा असं ठरलं होतं. तिच्या घरच्यांचा निकाल मात्र केव्हाच लागला होता. अपघातानंतर दहा दिवसांनी दफन झालं, त्या दिवशी तिच्या थोरल्या भावाने, आल्फियोने, तिला खड्ड्याजवळ येऊ दिलं नव्हतं. मूठभर माती टाकायची, तीही टाकू दिली नाही.

जुन्या गाड्या विकणारे मला आवडत नाहीत, हे आत्ताच सांगून टाकते. म्हणूनच मी स्वतःला बजावत होते की हॅलोरन खोटाच असणार असं धरून चालायचं नाही. बजावण्याचा परिणाम उलटाच झाला, पण ते पुढे कळेल.

२

अकरा ऑगस्टला मंगळवारी मी होम हिलला पोचले. गाडीतून उतरले आणि माझ्या पांढऱ्या ब्लाऊजवर पहिली काळी काडी पडली. आदल्या संध्याकाळी कुणीतरी तोडणीआधी उभ्या उसाचं पाचट पेटवलं होतं. झटकली तर काडी पसरली आणि बोटभर रेघ उमटली.

"हात नको लावू, फुंकर मार," ऑफिसच्या दारातून आवाज आला. "टाउन्सव्हिलला जाऊन तेवढंही विसरलीस?"

नोरीन. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायची आणि माझ्या केसांना च्युइंगम लावायची. आता हॅलोरनचं सगळं कागदपत्र तिच्या हाती होतं.

"बरी आहेस ना, नोरीन?"

"बरी असायला काय झालंय? नवरा कारखान्यात बॉयलरवर आहे, यंदा आख्खा जून घरात बसून होता. रोज उठून माझं डोकं खायचा. आता कुठे कामाला लागलाय, तर तू आलीस." ती खुर्चीत बसली. मला बस म्हणाली नाही. "तुझा बाप आमच्या काकांच्या शेतात ऊस तोडायचा. आणि तू आता आमच्या फायली तपासायला येतेस."

"माझा बाप ऊस चांगला तोडायचा," मी म्हणाले. "लिडियाने सह्या कुणासमोर केल्या?"

"माझ्यासमोर. सगळ्यांच्या सह्या मीच घेते. कागदांवर फुल्या मारून ठेवते, माणूस येतो, फुलीवर सही करतो, जातो. त्यात काय एवढं?"

"दोषपत्रकावर पण फुली होती?"

"असेल. होतीच असेल."

"काय लिहिलं होतं त्यावर, आठवतंय?"

"मी वाचत बसत नाही," ती म्हणाली आणि उगाचच स्टेपलर उघडून त्यात पिना भरायला लागली. तो आधीच भरलेला होता.

विक्रेता डार्सी बाहेर पाण्याचा पाईप घेऊन गाड्या धूत होता. तिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, चेहऱ्यावर कायम हसू. मी ओळख सांगितली तेव्हा हसू तसंच राहिलं, फक्त पाण्याची धार माझ्या बुटांच्या फार जवळून गेली.

"सॉरी हं, मॅडम. रोज सकाळी हेच काम. रात्रभर काजळी पडते, सकाळी धुवा."

"दोषपत्रक काचेवर तू लावलंस?"

"मालक म्हणतात ना लावलं होतं? मग होतं."

"मालकांचं सोड. तू लावलंस का?"

"ढीगभर गाड्या असतात, मॅडम. प्रत्येकीवर काय चिकटवलं ते लक्षात ठेवायला मी काय कॉम्प्युटर आहे?"

"जूनमध्ये किती गाड्या विकल्यास?"

इथे त्याचं हसू जरा मावळलं. "जूनमध्ये कोण गाडी घेतं? मेमध्ये पाऊस पडत राहिला, गाळप लांबलं, कारखान्याचं धुराडं थंड. गावात सगळे हातावर हात धरून बसलेले. महिन्याभरात ती एकच व्हॅन गेली."

"मग त्या एका व्हॅनवर काय चिकटवलं होतंस तेही आठवत नाही?"

त्याने पाईप दुसऱ्या गाडीकडे वळवला.

रेग हॅलोरन आतल्या खोलीत होता. साठीचा, अंगाने भरलेला, एक पाय स्टुलावर ठेवलेला, बाजूला काठी. मला बघून उठायचं नाटकही त्याने केलं नाही.

"या, इन्स्पेक्टरबाई. माझा धंदा बंद करायला आलात ना?"

"अजून ठरवलं नाही."

"ठरवून घ्या. मी तर इथे नव्हतोच." त्याने गुडघ्यावर थाप मारली. "वीस मे ते तीन जुलै मी ब्रिस्बेनला. ऑपरेशन. हॉस्पिटलचे कागद हवे तर आत्ता देतो. व्हॅन विक्रीला लागली, विकली गेली, सगळं माझ्या पाठीमागे. ही दोघं मला फोनवर सांगायची तेवढंच."

"आणि हा कागद?"

"दोन आठवडे व्हॅनच्या मागच्या काचेवर बाहेरून लावलेला होता. नऊ जूनला व्हॅन विकली, डार्सीने तो काढला, नोरीनने सही घेतली आणि फाईलमध्ये ठेवला. लोखंडी कपाट, त्याला कुलूप. अपघात झाल्यावर मी तो स्वतः बाहेर काढला. मधे कुणी हात लावलेला नाही." त्याने दात दाखवले. "त्या पोरीला बापाचं वाईट वाटतंय, समजू शकतो. पण स्वतःची चूक माझ्या डोक्यावर मारू देणार नाही."

त्याने मूळ कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो उजेडात धरला, आणि माझं मन खट्टू झालं.

३

कागदावर काजळी होती. बारीक, काळे, केसासारखे तुकडे, जागोजाग चिकटलेले. कडा उन्हाने पिवळट झालेल्या. कोपऱ्यांना रुंद पारदर्शक चिकटपट्ट्या, त्यांची टोकं कागदाच्या मागे दुमडलेली. कुणी कालपरवा ऑफिसात बसून बनवलेला कागद असा दिसत नाही. हा कागद बाहेर, उघड्यावर, काचेवर राहिलेला होता. मी उसाच्या गावात वाढले आहे, पाचटाची काजळी मी डोळे मिटून ओळखेन.

कागद पाकिटात सीलबंद करून घेतला आणि लिडियाच्या घरी गेले.

ती शाळेत मदतनीस होती, पस्तिशीची, अविवाहित, वडिलांजवळ राहणारी. स्वयंपाकघरात बापाची टोपी अजून खुंटीला होती. तिने माझ्यापुढे कॉफीचा छोटा कप ठेवला आणि स्वतः उभीच राहिली.

"काचेवर एक कागद होता," ती म्हणाली. "हमीचा. तीन महिन्यांची हमी. मी तो दोनदा वाचला. पप्पा हसले, म्हणाले, लिडिया दुधाच्या बाटलीवरचा कागदही वाचते. दुसरा कागद नव्हता."

"सही तुमची आहे."

"नोरीनने पाच-सहा कागद पुढे टाकले. पंख्याच्या वाऱ्याने उडत होते म्हणून ती हात ठेवून धरत होती. तिचं बोट जिथे, तिथे मी सही केली." ती थांबली. "ते नाही वाचले. काचेवरचा वाचला होता ना, मला वाटलं तोच आहे."

मी तिला खरं ते सांगितलं. खोटा धीर देणं मला जमत नाही, आणि त्या दिवशी ते जमलं असतं तर बरं झालं असतं. "लिडिया, त्या कागदावर पाचटाची काजळी आहे. तो बाहेर काचेवर होता."

तिचा चेहरा बघवेना.

"मग मी पाहिला असेल," ती हळूच म्हणाली. "पाहिला असेल आणि विसरले असेन. असं होतं का हो? माणूस असं विसरतो का?" तिने टोपीकडे पाहिलं. "आल्फियो म्हणतो, तुला माहीत होतं, तुला फक्त म्हाताऱ्याचं ओझं उतरवायचं होतं. आता रोज सकाळी उठले की मी आठवायचा प्रयत्न करते. कालपासून मला तो कागद दिसायलाही लागलाय. बेल्टचा. अक्षरं सुद्धा दिसतात."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. आयुष्यभर खोटे कागद करणाऱ्यांना पकडत आले, आणि एका बाईला तिने न केलेला गुन्हा आठवायला मीच मदत करत होते की काय, अशी शंका मनात आली. पण शंकेला अहवालात जागा नसते. कागद होता, सही होती, काजळी होती.

निघताना तिने विचारलं, "शुक्रवारी काय लिहिणार?"

"जे दिसलं ते," मी म्हणाले. स्वतःचाच राग आला.

४

दुसऱ्या दिवशी मी आल्फियो स्पॅटारोला भेटायला शेतावर गेले. खरं तर त्याच्याशी माझं काम नव्हतं. बहिणीला बापाच्या मातीपासून लांब ठेवणारा माणूस दिसतो कसा, एवढंच बघायचं होतं.

पन्नाशीचा, उन्हात रापलेला, हातात डिझेलची मशाल. संध्याकाळी तोडणीआधी उसाचा एक पट्टा पेटवायचा होता, त्याची तयारी चालली होती. मला बघून तो शेताच्या कडेला थुंकला.

"सरकारी बाई ना तुम्ही? कागद बघितलात ना? मग इथे काय काम आहे?"

"तुमची बहीण म्हणते तिला माहीत नव्हतं."

"बहीण म्हणते! सही कुणाची आहे? माझी?" त्याचा आवाज चढला. "बघा, माझे पप्पा साठ वर्षं या मातीत राबले. हे शेत त्यांचं. आणि शेवटी काय, तर पुलावर, भंगार गाडीत! तिला मी म्हटलं होतं, माझ्या गाडीतून नेतो. नाही म्हणाली. तिला स्वतःची गाडी मिरवायची होती."

"तुम्ही त्या गाडीत कधी बसला होतात?"

"बसलो नाही. पप्पा बसायचे. रोज." तो मशालीच्या दांड्यावर बोट घासत राहिला. "यंदा पहिला जाळ या शेतात लागला. सगळ्या जिल्ह्यात पहिला, मीच लावला. दरवर्षी पप्पा माझ्या शेजारी उभे राहायचे. यंदा पाय धरत नव्हते, तर ती त्यांना त्या व्हॅनमधून घेऊन आली. इथे, या झाडाखाली उभी केली. दार उघडं ठेवून पप्पा आत बसले होते, टोपी मांडीवर. जाळ उठला तसे टाळ्या वाजवायला लागले, लहान पोरासारखे. ती नवी व्हॅन, काजळीने काळी झाली, लिडिया ओरडत होती, पप्पा हसत होते." त्याने नाक पुसलं. "तोच शेवटचा जाळ त्यांनी पाहिला. आता जा तुम्ही."

मी जागची हलले नाही.

"काय म्हणालात? परत सांगा."

"काय परत सांगा? तमाशा आहे का हा?"

"यंदाचा पहिला जाळ. तेव्हा व्हॅन लिडियाच्या घरी आलेली होती?"

"आलेली होती म्हणजे? त्यातूनच तर आले ना! तीन आठवडे झाले होते तिला गाडी घेऊन. एक जुलै. जाळाच्या परवान्याच्या वहीत आहे लिहिलेलं." तो चिडून माझ्याकडे बघत होता, आणि बघता बघता त्याचा हात मशालीच्या दांड्यावरच थबकला. मशाली पेटवून ज्याचं आयुष्य गेलं त्याला हे समजायला वेळ लागत नाही. "का? त्या कागदाचं काय?"

"त्या कागदावर काजळी आहे," मी म्हणाले. "वही द्या मला."

त्याने ट्रॅक्टरच्या खोक्यातून वही काढून दिली.

गाडीत बसल्यावर मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. नोरीनने सांगितलं होतं, नवरा आख्खा जून घरात. डार्सीने सांगितलं होतं, धुराडं थंड. कारखाना बंद म्हणजे तोड नाही, तोड नाही म्हणजे जाळ नाही, आणि जाळ नाही तर काजळी येणार कुठून? दोघांनी माझ्या तोंडावर उत्तर फेकलं होतं, आणि मी, ऊसतोड्याची मुलगी, ब्लाऊज झटकत बसले होते.

पण अजून एक गोष्ट उरली होती. कागद खोटा, हे कळलं. तो कुणी बनवला?

५

गुरुवारी दुपारी हॅलोरनच्या ऑफिसात तिघांना एकत्र बसवलं. पोलीस सार्जंटलाही बोलावलं होतं. तो दाराशी उभा राहिला. टेबलावर कागद, भिंग आणि आल्फियोची वही.

"व्हॅन नऊ जूनला विकली गेली," मी म्हणाले. "या जिल्ह्यातला यंदाचा पहिला जाळ एक जुलैला लागला. मग नऊ जूनच्या आधी काचेवर असलेल्या कागदावर काजळी कुठून आली?"

डार्सीने मान खाली घातली. नोरीन खिडकीबाहेर बघू लागली. हॅलोरनच तेवढा हसला.

"एवढंच? अहो, जुलै-ऑगस्टमध्ये या गावात काजळी कुठे नसते? कपाटात जाते, फाईलमध्ये जाते, चहात पडते."

"कपाटाला कुलूप होतं म्हणालात."

"फटी असतात, बाई."

"असतील. म्हणून मी कागदापेक्षा पट्ट्या बघितल्या." मी एक कोपरा चिमट्याने धरला. "चिकटपट्टीचं टोक काचेला लागलेलं असतं. कागद काढला की टोक चिकट राहतं, म्हणून काढणाऱ्याने ती मागे दुमडली. घट्ट. काल आमच्या खात्याच्या एका माणसासमोर मी दोन टोकं उलगडली. आत, गोंदावर, काजळीचा सलग थर आहे. दुमडल्यावर तिथे मुंगी शिरणार नाही, काजळी तर सोडाच. ती काजळी काचेवरची आहे. म्हणजे हा कागद चिकटवला तेव्हा काच आधीच काळी झाली होती. एक जुलैनंतर. तेव्हा व्हॅन लिडियाच्या घरी होती, आणि चौदा जुलैनंतर पोलिसांच्या आवारात भंगार होऊन पडली होती. हा कागद लिडियाच्या व्हॅनवर कधी लागलाच नाही. यार्डात मागे पडलेल्या, न धुतलेल्या दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीवर लावला, चार-सहा दिवस ऊन आणि धूळ खायला ठेवला, आणि जुना झाला म्हणून काढून घेतला."

हॅलोरन सावकाश डार्सीकडे वळला. "हरामखोरा, हे केलंस तू?"

"मी?" डार्सी उडालाच. "मी नाही हं, रेग!"

"मग तू?" तो नोरीनवर घसरला. "फाईल तुझ्या ताब्यात. मी तर इथे नव्हतोच! सार्जंट, जूनमध्ये मी हॉस्पिटलात पडलो होतो, या दोघांनी मिळून..."

"तेच," मी म्हणाले. "तुम्ही इथे नव्हतात."

तो थांबला.

"कागद जुना दाखवायचा तर उन्हात ठेवला तरी पुरलं असतं. पण करणाऱ्याला वाटलं, जूनमध्ये काचेवर होता म्हणजे काजळी हवीच. त्याने ती पडू दिली. झटकली नाही. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात गाळप सुरू होतं, त्यामुळे त्याचा हिशेब बरोबर होता, फक्त यंदा चुकला. आता सांगा, यंदाचं कुणाला ठाऊक नव्हतं? नोरीनचा नवरा जूनभर घरात बसून तिचं डोकं खात होता, तिला ठाऊक. डार्सीला महिन्यात एकच गिऱ्हाईक मिळालं, त्याला ठाऊक. रोज सकाळी गाड्या धुवाव्या लागत नव्हत्या, हेही त्याला ठाऊक. या दोघांपैकी कुणी खोटा कागद केला असता तर धुवून पुसून केला असता. तुम्ही तीन जुलैला आलात तेव्हा सगळीकडे धूर होता. नेहमीसारखं सगळं सुरू आहे असं तुम्ही धरून चाललात. या गावात यंदाचा जून न पाहिलेला माणूस या खोलीत एकच आहे."

"ही बाई वेडी आहे," हॅलोरन म्हणाला. पण आवाजात दम नव्हता. "सही त्या पोरीची आहे. ती काय मी पैदा केली?"

"नाही," नोरीन म्हणाली.

ती उठली. कपाटाचा खालचा खण उघडून तिने कागदांचा एक गठ्ठा काढला आणि टेबलावर आपटला. सगळी दोषपत्रकं. कोरी. प्रत्येकाच्या खाली कुणाची तरी सही.

"दर गिऱ्हाइकाकडून एक जास्तीची सही घ्यायची, कोऱ्या कागदावर. यांचाच हुकूम, पंधरा वर्षांपासून. पुढेमागे गाडीत काही निघालं की वरती टाइप करायचं." ती माझ्याकडे बघत नव्हती, हॅलोरनकडे बघत होती. "डार्सीने फोन केला होता तुम्हाला हॉस्पिटलात. मेकॅनिक म्हणतो बेल्ट गेलाय. तुम्ही म्हणालात, जाऊ दे तशीच, आता काम नको काढू. फोन मी जोडून दिला होता, रेग. आणि आता हे माझ्या नावावर घालता?"

"नोरीन!"

"ओरडू नका. पंधरा वर्षं ऐकलंय."

सार्जंटने हॅलोरनची काठी भिंतीपासून उचलून त्याच्या हातात दिली आणि चला म्हणाला. डार्सीलाही. जाताना डार्सी म्हणाला, "मी नुसता विकतो, मॅडम." एक माणूस मेला होता.

मी गठ्ठा उचलला तेव्हा नोरीन म्हणाली, "तुझ्यासाठी नाही केलं हे मी."

"माहीत आहे," मी म्हणाले. "आणि बोट तुझंच होतं, नोरीन. तेही लिहिणार आहे."

६

शुक्रवारी अहवाल पोलिसांना देऊन मी लिडियाकडे गेले. ती दारातच होती. मी सांगितलं ते तिने नीट ऐकलं, मधे एकदाच विचारलं.

"म्हणजे तो कागद नव्हताच?"

"नव्हताच."

"पण मला दिसत होता," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. मग तोंड ओंजळीत घालून रडली, आणि मी, जिला कुणाच्या खांद्यावर हात ठेवणं जमत नाही, तिच्याजवळ बसून राहिले. मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली. माफ केलं की नाही ते मला कळलं नाही, आणि विचारायचा मला हक्कही नव्हता.

फाटकाशी गाडी थांबली. आल्फियो उतरला. धुतलेला शर्ट घातला होता, हॅट हातात. फाटक उघडून आत यायचं धाडस त्याला होईना.

"लिडिया," तो म्हणाला. "चल. कबरस्तानात जाऊ. तू माती टाक."

तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं. "तीन आठवडे झाले, आल्फियो. माती कधीच बसली."

"मला वाटलं... तो कागद होता, सही होती. सगळेच म्हणत होते."

"तू लहानपणापासून मला ओळखतोस. मी दुधाच्या बाटलीवरचा कागद वाचते, हे तुला माहीत आहे. पप्पांना किती जपत होते तेही तू पाहिलंस. मग त्या दिवशी तू एकदा, फक्त एकदा मला विचारायचंस. लिडिया, तुला माहीत होतं का? एवढंच." तिचा आवाज चढला नाही. "तू मला विचारलंच नाहीस. तू कागदाला विचारलंस."

तो फाटकाला धरून उभा राहिला.

लिडिया आत गेली. मला वाटलं दार लावून घेणार. पण ती खुंटीवरची टोपी घेऊन बाहेर आली, माझ्याजवळून गेली आणि फाटकाशी त्याच्यासमोर उभी राहिली. क्षणभर मला वाटलं ती टोपी त्याला देतेय. तिने ती स्वतःच्या डोक्यावर घातली.

"मी जाणार आहे पप्पांकडे," ती म्हणाली. "चालत. तू इथेच थांब."

तो थांबला. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत आणि त्यानंतरही बराच वेळ, हॅट हातात घेऊन, उन्हात.